पोलिसांविरुद्धचा दिवाणी दावा फेटाळला गेला, आता अपील कसं करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेकायदा अटक, कोठडीतली मारहाण, खोटा गुन्हा, जप्त मालाची नासाडी. अशा कारणांसाठी पोलिसांवर नुकसानभरपाईचा दावा लावायला हिंमत लागते, आणि तो दावा फेटाळला की माणूस खचतो. पण यातले बरेच दावे खऱ्याखोट्याच्या कसोटीवर पडलेले नसतात. नोटीस, मुदत, प्रतिवादीचं नाव किंवा चुकलेली एखादी तारीख, एवढ्यावरच ते अडलेले असतात. म्हणून दावा का गेला, हे आधी पाहायचं. लोक पुन्हा पुन्हा पाठवतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या न्यायालयांना धरून आहेत. ती सर्वसाधारण माहिती समजा. तुमचं निकालपत्र वकिलाने वाचल्याशिवाय पाऊल उचलू नका.

१. दावा फेटाळला म्हणजे सगळं संपलं का?

नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ९६ नुसार मूळ हुकूमनाम्याविरुद्ध (डिक्री, म्हणजे दाव्याचा रीतसर अंतिम निर्णय) पहिलं अपील हा पक्षकाराचा हक्क आहे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. पहिल्या अपिलात कायदा आणि वस्तुस्थिती दोन्ही पुन्हा तपासता येतात. साक्षीपुरावा वाचून वरचं न्यायालय वेगळ्या निष्कर्षाला येऊ शकतं. मात्र 'दावा गेला' या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीचा उपाय निराळा आहे. त्यासाठी पुढचा प्रश्न आधी वाचा.

२. माझा दावा नेमका कशाने गेला, हे कसं ओळखायचं?

आदेशाची शेवटची चार-पाच वाक्यं आणि त्या दिवसाचा रोजनामा (कोर्टातल्या कामकाजाची तारीखवार नोंद) वाचा. साधारण पुढचे प्रकार दिसतात.

पुरावा झाला, मुद्दे काढले, त्यांवर निष्कर्ष दिले आणि दावा नामंजूर केला, तर तो गुणदोषांवरचा निकाल. त्यावर कलम ९६ खाली पहिलं अपील.

आदेशात 'ऑर्डर ७ नियम ११' (इथले सगळे 'ऑर्डर' याच संहितेतले) असेल तर वादपत्रच, म्हणजे दाव्याचा मूळ अर्जच, नाकारलेलं आहे. संहितेच्या कलम २(२) प्रमाणे हाही हुकूमनामाच मानला जातो, म्हणून यावरही पहिलं अपील चालतं (प्रश्न ९).

रोजनाम्यात 'वादी व वकील गैरहजर, पुकारा केला, दावा काढून टाकला' अशी नोंद असेल तर तो हुकूमनामा नाही. त्यावर थेट अपील केलं तर ते टिकत नाही. इथे रिस्टोरेशनचा, म्हणजे दावा पुन्हा फाइलवर घेण्याचा, अर्ज करायचा असतो (प्रश्न ८).

'ऑर्डर ७ नियम १०' असेल तर वादपत्र योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत दिलं आहे. दावा मेलेला नाही. या आदेशावर ऑर्डर ४३ खाली अपील होतं, पण पुष्कळदा योग्य न्यायालयात जाणंच शहाणपणाचं ठरतं. चुकीच्या न्यायालयात सद्भावनेने आणि तत्परतेने घालवलेला काळ लिमिटेशन कायदा (मुदतीचा कायदा), १९६३ च्या कलम १४ खाली वजा करून मागता येतो.

३. अपील कोणत्या कोर्टात करायचं?

शासन किंवा शासनाचा अधिकारी अधिकृत नात्याने प्रतिवादी असला की जिल्ह्यात दावा साधारणपणे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतो. तिथून अपील जिल्हा न्यायालयात जाईल की थेट उच्च न्यायालयात, हे दाव्याच्या मूल्यांकनावर, म्हणजे दावा किती रकमेचा धरला आहे यावर, ठरतं. मूल्यांकनाचा परिच्छेद वादपत्राच्या शेवटाकडे असतो, तो बघा. मुंबईतल्या नगर दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावरचं अपील उच्च न्यायालयात जातं.

उच्च न्यायालयात जायचं असेल तर तुमचा जिल्हा कोणत्या खंडपीठाकडे आहे, तेही पाहा. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे. या भागातल्या पक्षकाराचे प्रत्येक तारखेचे मुंबईचे हेलपाटे त्यामुळे वाचतात.

४. अपिलाची मुदत किती, आणि ती कधीपासून मोजायची?

जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. ही लिमिटेशन कायद्याच्या अनुच्छेद ११६ ची मुदत. मोजणी हुकूमनाम्याच्या तारखेपासून होते, निकाल तुम्हाला कळल्याच्या तारखेपासून नाही. निकालाचा दिवस सोडायचा आणि प्रमाणित नक्कल मिळवायला लागलेला आवश्यक वेळ वजा करायचा.

उदाहरण घ्या. निकाल २ जूनला झाला. ३० दिवसांची मुदत २ जुलैला संपते. तुम्ही ६ जूनला नकलेचा अर्ज केला आणि नक्कल १८ जूनला तयार झाली. हे १३ दिवस वजा होतात, म्हणजे शेवटचा दिवस १५ जुलै. पण नक्कल १८ ला तयार असताना तुम्ही ती ३० ला उचलली, तर मधले बारा दिवस तुमच्याच खात्यावर पडतात. नकलेवरच्या शिक्क्यात अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तारखा असतात. दाखल करून घेताना अपिलाच्या मुदतीचा हिशेब त्यांवरूनच तपासला जातो. म्हणून निकाल लागला त्याच दिवशी, किंवा फार तर दुसऱ्या दिवशी, निकालपत्र आणि हुकूमनामा दोन्हींच्या नकलेचा अर्ज टाका. अपील करायचं की नाही, हा विचार नंतर शांतपणे करता येतो.

५. मुदत उलटून गेली आहे. आता काहीच होणार नाही का?

अपिलासाठी विलंब माफ होऊ शकतो. लिमिटेशन कायद्याच्या कलम ५ खाली पुरेसं कारण दाखवावं लागतं, आणि ऑर्डर ४१ नियम ३ए प्रमाणे विलंबमाफीचा अर्ज शपथपत्रासह अपिलासोबतच द्यावा लागतो. आजारपण, तुरुंगवास, वकिलाने निकाल न कळवणं, नक्कल उशिरा मिळणं अशी कारणं दिली जातात. ती तारीखवार लिहा आणि प्रत्येकाला कागद जोडा. 'घरगुती अडचणींमुळे उशीर झाला' एवढ्यावर फारसं काही हाती लागत नाही.

इथे एक गफलत नेहमी होते. कलम ५ अपिलाला आणि अर्जाला लागू आहे, मूळ दाव्याला नाही. दावाच मुदतीनंतर लावला होता, तर तो उशीर कोणतंही न्यायालय या कलमाखाली माफ करू शकत नाही. तिथे दाव्याला कोणता अनुच्छेद लागू होतो यावरच लढावं लागतं (प्रश्न ११).

६. कोर्ट फी आणि वकिलाची फी परवडत नाही. काय करू?

दोन वाटा आहेत. पहिली, विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना मोफत विधी सहाय्य मिळतं, त्यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतं. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच या प्राधिकरणाचं कार्यालय असतं, उच्च न्यायालयासाठी वेगळी समिती आहे. सहाय्यात वकील येतोच, शिवाय कोर्ट फी आणि नकलांचा खर्चही येऊ शकतो.

दुसरी वाट ऑर्डर ४४ ची, म्हणजे निर्धन म्हणून अपील करण्याची परवानगी मागणं. हिच्यात एक खाच आहे. या अर्जाची मुदत उच्च न्यायालयासाठी ९० नव्हे तर ६० दिवस आहे, इतर न्यायालयांसाठी ३०. 'नव्वद दिवस आहेत' म्हणून थांबलेला गरीब पक्षकारच इथे अडकतो, आणि ज्याच्याकडे फी भरायला पैसे आहेत त्याला जास्त वेळ मिळतो. ही गोष्ट मला आजही पटलेली नाही, पण कायदा असा आहे.

७. आधीच्या वकिलांवर विश्वास उरला नाही. नवीन वकील लावता येतो का?

येतो. अपिलासाठी तसंही नवं वकीलपत्र लागतं. जुन्या वकिलांकडून संपूर्ण फाइल मागून घ्या: नोटिसा, पोस्टाच्या पावत्या, पोचपावत्या, लेखी कैफियत (प्रतिवादीचं दाव्याला लेखी उत्तर), साक्षींच्या प्रती. फाइल मिळत नसेल तर अडून बसू नका, प्रत्येक कागदाची नक्कल कोर्टातून काढता येते.

८. एका तारखेला मी गेलो नाही आणि दावा काढून टाकला. अपील करू का?

आधी रिस्टोरेशन. त्या दिवशी प्रतिवादी हजर आणि तुम्ही गैरहजर असाल तर दावा ऑर्डर ९ नियम ८ खाली गेला. मग नियम ९ प्रमाणे त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही, फक्त तो आदेश रद्द करण्याचा अर्ज करता येतो. मुदत ३० दिवस. हा अर्ज नामंजूर झाला तर त्या नामंजुरीवर ऑर्डर ४३ नियम १(सी) खाली अपील.

दोन्ही बाजू गैरहजर असतील तर नियम ३ लागतो, आणि नियम ४ प्रमाणे मुदत शिल्लक असल्यास नवा दावाही लावता येतो. पोलिसांविरुद्धच्या दाव्यांची मुदत इतकी आखूड असते की ही सवलत बहुधा कागदावरच राहते. म्हणून इथेही रिस्टोरेशनचाच अर्ज करा.

गैरहजेरीचं कारण कागदासह द्या: दवाखान्याचं कार्ड, बसचं तिकीट, दुसऱ्या कोर्टातल्या त्याच दिवसाच्या तारखेचा रोजनामा.

९. पोलिसांनी अर्ज दिला आणि एकही साक्षीदार न तपासता वादपत्र नाकारलं. हे चालतं का?

चालतं, पण त्याच्या सीमा ठरलेल्या आहेत आणि अपिलात नेमक्या त्याच दाखवायच्या असतात. ऑर्डर ७ नियम ११ खालचा निर्णय वादपत्रातल्या कथनांवर आणि त्यासोबतच्या कागदांवर द्यायचा असतो. पोलिसांची लेखी कैफियत काय म्हणते, हे त्या टप्प्यावर गैरलागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने हे 'सलीम भाई विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात स्पष्ट केलं आहे. तेव्हा आदेश ओळीने वाचा. न्यायाधीशांनी स्टेशन डायरीचा, पोलिसांच्या शपथपत्राचा किंवा कैफियतीचा आधार घेऊन वादपत्र नाकारलं असेल, तर तोच तुमचा पहिला अपील-मुद्दा.

दुसरा मुद्दा: वादपत्राचे तुकडे करता येत नाहीत. एका प्रतिवादीपुरतं किंवा एका मागणीपुरतं वादपत्र नियम ११ खाली नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये 'माधव प्रसाद अगरवाल विरुद्ध अॅक्सिस बँक' मध्ये सांगितलं. पोलीस निरीक्षकापुरता दावा ठेवला आणि शासनापुरता नाकारला, अशा आदेशाला हा निकाल दाखवा.

तिसरा: मुदतीचा प्रश्न तथ्यांत गुंतलेला असेल (उदाहरणार्थ, सुटका नेमकी कधी झाली), तर तो पुराव्याशिवाय सुटत नाही.

नियम १३ प्रमाणे वादपत्र नाकारल्यावर नवं वादपत्र दाखल करण्याची मुभा आहे, पण मुदत उरली असेल तरच तिचा उपयोग.

१०. नोटीस दिली नव्हती किंवा चुकीची दिली, म्हणून दावा गेला. यावर अपिलात काय बोलता येतं?

नोटिसा दोन आहेत आणि लोक त्यांत घोळ करतात.

पहिली संहितेच्या कलम ८० ची: शासनाला किंवा सरकारी अधिकाऱ्याला, दोन महिन्यांची. राज्य शासनासाठी ती सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची असते, अधिकाऱ्यासाठी त्याला स्वतःला किंवा त्याच्या कार्यालयात. दुसरी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १६१(२) ची: ज्याने अन्याय केला असं म्हणणं आहे त्या पोलिसाला, किमान एक महिन्याची. ती दिल्याचा आणि तिच्या तारखेचा उल्लेख वादपत्रात हवा.

नोटीस दिली होती पण तिच्यात त्रुटी होती, तर कलम ८०(३) तुमच्या बाजूने आहे. नोटिशीत वादीचं नाव, वर्णन आणि पत्ता ओळख पटण्याइतका असेल, ती योग्य ठिकाणी दिली असेल, आणि तक्रारीचं कारण व मागणी ढोबळमानाने कळत असेल, तर तेवढ्या त्रुटीवर दावा फेटाळता येत नाही. तालुक्याच्या वकिलाने घाईत लिहिलेल्या नोटिसा या तरतुदीने वाचतात, म्हणून तुमची नोटीस पुन्हा एकदा या कसोटीवर वाचून बघा.

नोटीस दिलीच नव्हती, किंवा दोन महिने पुरे होण्याआधी दावा लावला, तर अवघड आहे. 'बिहारी चौधरी विरुद्ध बिहार राज्य' (१९८४) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची अट सक्तीची मानली. तरीही तीन गोष्टी तपासा. तातडीची दाद मागताना कलम ८०(२) खाली परवानगी घेतली होती का? शासनाने हा आक्षेप वेळेवर घेतला होता का, की दावा पूर्ण चालवून शेवटी काढला? नोटिशीचा हक्क सोडून देता येतो. आणि कृत्य खरोखर 'अधिकृत नात्याने' केलेलं होतं का? तसं नसेल तर त्या अधिकाऱ्यापुरती नोटिशीची गरज उरते का, हा मुद्दा मांडता येतो.

११. 'दावा मुदतबाह्य' म्हणून फेटाळला. एका वर्षात लावायला हवा होता म्हणे. हे बरोबर आहे का?

लिमिटेशन कायद्याचा कोणता अनुच्छेद लागू होतो, यावर सगळं अवलंबून आहे. बेकायदा डांबून ठेवल्याबद्दल भरपाई: अनुच्छेद ७३, सुटकेपासून एक वर्ष. दुष्ट हेतूने चालवलेला खटला: अनुच्छेद ७४, निर्दोष सुटल्यापासून किंवा खटला अन्य प्रकारे संपल्यापासून एक वर्ष. एखाद्या कायद्याला अनुसरून केल्याचं म्हटलेल्या कृत्याबद्दल: अनुच्छेद ७२, एक वर्ष. ज्याला कोणताच विशिष्ट अनुच्छेद लागत नाही त्याला अनुच्छेद ११३, तीन वर्षं. मृत्यू ओढवला असेल आणि वारसांनी प्राणघातक अपघात अधिनियम, १८५५ खाली दावा केला असेल तर अनुच्छेद ८२, मृत्यूपासून दोन वर्षं. कलम ८० च्या नोटिशीचा काळ यांतून वजा होतो. कनिष्ठ न्यायालयाने तो वजा केला का, हे प्रथम पाहा.

या प्रश्नावर प्रत्येक वादीने वाचावा असा निकाल म्हणजे 'आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध चल्ला रामकृष्ण रेड्डी' (२०००). ५ आणि ६ मे १९७७ च्या मधल्या रात्री कर्नूल जिल्ह्यातल्या कोइलकुंटला उपकारागृहात कोठडीवर बॉम्ब टाकले गेले. आत असलेल्या बापलेकांपैकी वडील दगावले, मुलगा जखमी होऊन वाचला. जिवाला धोका असल्याचं त्यांनी आधी सांगितलं होतं, तरी पुरेसा पहारा नव्हता. दहा लाख रुपयांच्या भरपाईचा दावा झाला. खालच्या न्यायालयाने अनुच्छेद ७२ लावून, वर्ष उलटलं म्हणून, तो फेटाळला. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, अनुच्छेद ११३ ची तीन वर्षांची मुदत धरली आणि १ लाख ४४ हजार रुपये व्याजासह मंजूर केले. सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. कायद्याने दिलेला अधिकार वापरताना केलेली कृती हा अनुच्छेद ७२ चा विषय आहे. कैद्यांचा जीव धोक्यात असताना पहारा न ठेवणं त्यात बसत नाही.

तुमच्या अपिलातही हाच प्रश्न विचारायचा: पोलिसांनी जे केलं किंवा केलं नाही, ते कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाला अनुसरून होतं? सरकारी वकिलांना ते कलम दाखवता आलं नाही, तर अनुच्छेद ७२ चा आधार डळमळतो.

१२. कोठडीतली मारहाण 'ड्युटीच्या नावाखाली' केली असं धरून कलम १६१ लावलं. मारणं ही ड्युटी कशी?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा संताप रास्त आहे आणि कायदाही त्यांच्या बाजूला झुकतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ पोलिसांना स्वतंत्र, घटनेच्या तारखेपासून मोजली जाणारी आखूड मुदत देतं. पण ती फक्त कर्तव्याच्या किंवा अधिकाराच्या आवरणाखाली, किंवा त्यांची मर्यादा ओलांडून केलेल्या कृत्यांसाठी आहे. 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध आत्माराम' (१९६६) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तपासात संशयितांना मारहाण करण्याचा आणि डांबून ठेवण्याचा अधिकार कोणताही कायदा देत नाही. म्हणून ती कृत्यं या आवरणाखाली येत नाहीत. त्याच वर्षीच्या 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध नरहर राव' मध्ये लाच घेण्यालाही हे संरक्षण नाकारलं.

सरकारी वकील मात्र 'विरूपाक्षप्पा' (१९६३) हा निकाल पुढे करतील. त्यात खोटा पंचनामा करणं हे कर्तव्याच्या आवरणाखालचं कृत्य मानलं गेलं, कारण पंचनामा करणं हे पोलिसाचं कामच आहे. हे तिन्ही फौजदारी खटल्यांतले निकाल आहेत, पण कलमाचा मजकूर दाव्याला आणि खटल्याला एकच आहे.

म्हणून अपिलाच्या मेमोत (अपिलाचे मुद्दे मांडणाऱ्या अर्जात) कृत्यं सुटी करा. मारहाण वेगळी, बेकायदा डांबणं वेगळं, खोटी कागदपत्रं वेगळी. सगळं एका वाक्यात कोंबलं तर सगळ्याला एकच मुदत लागण्याचा धोका असतो.

१३. कलम १५९ ची 'सद्भावना' म्हणजे काय? पोलीस म्हणाले आणि कोर्टाने मानलं, असं होतं का?

होऊ नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १५९ सद्भावनेने केलेल्या कृत्याला भरपाईपासून संरक्षण देतं. कायद्याच्या व्याख्येत प्रामाणिकपणे केलेलं कृत्य, त्यात निष्काळजीपणा असला तरी, सद्भावनेचं ठरू शकतं. त्यामुळे 'पोलीस निष्काळजी होते' एवढं सिद्ध करणं पुरेसं नाही, अप्रामाणिकपणा दाखवावा लागतो: आधीचं वैर, अटकेची वेळ लपवणं, वैद्यकीय तपासणी टाळणं, नोंदींत खाडाखोड. सद्भावना हा पुराव्याचा विषय आहे. पुरावा न घेताच ती गृहीत धरली असेल तर प्रश्न ९ चा मुद्दा इथेही लागतो.

१४. 'शासन सार्वभौम आहे, जबाबदार नाही' असं निकालात लिहिलंय. यावर उत्तर आहे का?

आहे. हा युक्तिवाद 'कस्तुरीलाल' खटल्यातून येतो, जो एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) १९६५ मध्ये छापला आहे. मेरठच्या पोलिसांनी एका व्यापाऱ्याचं सोनं जप्त केलं, हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला, आणि जप्ती हे सार्वभौम काम असल्यामुळे राज्य जबाबदार नाही असं ठरलं. हा निकाल रीतसर रद्द झालेला नाही, पण त्याची धार गेली आहे. १९९४ च्या 'नागेंद्र राव' निकालाने त्याची व्याप्ती आवळली. घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग झाला असेल तर सार्वभौमत्वाचा बचाव चालत नाही, असं प्रश्न ११ मधल्या 'चल्ला' निकालाने सांगितलं. तुमचा दावा निव्वळ मालाबद्दल असेल तर वाट अजून कठीण. शरीराबद्दल आणि स्वातंत्र्याबद्दल असेल तर हा मुद्दा अपिलात वरच्या क्रमांकावर घ्या.

१५. आम्ही 'अमुक पोलीस ठाणे' यालाच प्रतिवादी केलं होतं. त्यावरून दावा गेला.

पोलीस ठाणं ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती नाही. संहितेच्या कलम ७९ प्रमाणे प्रतिवादी 'महाराष्ट्र राज्य' हवं, सोबत संबंधित अधिकारी नावाने. चूक प्रामाणिक असेल तर ऑर्डर १ नियम १० खाली पक्षकार दुरुस्त करण्याचा अर्ज अपिलातही देता येतो. नव्या पक्षकारापुरती मुदत जोडल्याच्या दिवसापासून मोजली जाते, पण लिमिटेशन कायद्याच्या कलम २१ चं परंतुक (अपवाद सांगणारी जोडतरतूद) सद्भावनेच्या चुकीसाठी आधीची तारीख धरायची मुभा न्यायालयाला देतं. अर्जात ते परंतुक नाव घेऊन मागा.

१६. सरकारची मंजुरी घेतली नव्हती, असाही आक्षेप होता.

तशी मंजुरी फौजदारी खटल्यासाठी लागते. भरपाईच्या दिवाणी दाव्याला ती लागत नाही.

१७. अपिलात नवीन पुरावा देता येतो का? आता सीसीटीव्हीचं फुटेज मिळालं आहे.

सरसकट नाही. ऑर्डर ४१ नियम २७ प्रमाणे तीन दारं आहेत: खालच्या न्यायालयाने घ्यायला हवा होता तो पुरावा नाकारला, योग्य तत्परता दाखवूनही तो तेव्हा माहीत नव्हता किंवा देता आला नाही, किंवा निकाल देण्यासाठी अपील न्यायालयालाच तो हवा आहे. 'तेव्हा वकिलांना सुचलं नाही' हे यांतल्या एकातही बसत नाही.

फुटेजबद्दल: २ डिसेंबर २०२० च्या 'परमवीर सिंग सैनी' निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही आणि चित्रीकरण १८ महिने जपण्याची व्यवस्था करायला सांगितली आहे. तुम्ही दावा चालू असताना फुटेज मागितलं होतं आणि ते दिलं नाही, तर तो मागणीअर्ज, माहिती अधिकाराचं उत्तर आणि कोर्टाचा नकार हे सगळं अपिलाला जोडा. फुटेज नष्ट झालं असलं तरी मागणी वेळेत केल्याची नोंद तुमच्या बाजूने बोलते.

१८. खोट्या केसमधून मी निर्दोष सुटलो. तरी भरपाईचा दावा फेटाळला, असं कसं?

निर्दोष सुटका ही फक्त एक पायरी आहे. दुष्ट हेतूने खटला चालवल्याचं सिद्ध करायला आणखी गोष्टी लागतात: प्रतिवादीने खटला चालवला, त्याला रास्त आणि संभाव्य कारण नव्हतं, हेतू दुष्ट होता, आणि तुमचं नुकसान झालं. फौजदारी निकालात 'संशयाचा फायदा' असे शब्द असतील तर रास्त कारण नव्हतं हे दिवाणी न्यायालयात वेगळं दाखवावं लागतं. फौजदारी निकालातले शेरे तयार पुरावा म्हणून चालत नाहीत. साक्षीदार पुन्हा तपासावे लागतात. ते तपासलेच नसतील तर अपील कमकुवत आहे, आणि हे वकिलाने तुम्हाला आधीच स्पष्ट सांगायला हवं.

१९. अपील चालू असताना वडील वारले. आम्ही मुलं पुढे चालवू शकतो का?

हा सगळ्यात कटू अपवाद आहे. वारसांनी ९० दिवसांत नाव लावण्याचा अर्ज करायचा असतो. पण भारतीय वारसा अधिनियमाच्या कलम ३०६ प्रमाणे बदनामी, मारहाण आणि मृत्यूला कारण न ठरलेल्या शारीरिक इजांचे दावे त्या व्यक्तीसोबत संपतात. फेटाळलेल्या बदनामीच्या दाव्यावरचं वादीचं अपील वादी वारल्यावर टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये म्हटलं आहे. वादी जिंकलेला असता आणि अपील पोलिसांचं असतं, तर भरपाईची रक्कम मालमत्तेचा भाग म्हणून वारसांकडे आली असती.

तरी हात टेकू नका. दाव्यात मालमत्तेचं नुकसान, वाहनाची नासाडी, उपचारांचा खर्च अशा मागण्या असतील तर तेवढ्या भागासाठी अर्ज करा. मृत्यू त्याच इजांमुळे झाला असेल तर गोष्टच वेगळी, त्यासाठी प्रश्न ११ मधली दोन वर्षांची मुदत पाहा.

२०. अपिलाऐवजी रिट याचिका केली तर लवकर निकाल लागेल का?

अपिलाची वाट उपलब्ध असताना दिवाणी निकालाविरुद्ध रिट सहसा ऐकली जात नाही. मूळ प्रकाराबद्दल राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात भरपाई मागता येते. 'रुदुल साह' (१९८३) आणि 'नीलाबती बेहरा' (१९९३) या निकालांनी ती वाट उघडली. पण तिथे हक्कभंग कागदांवरून उघड दिसावा लागतो. ज्या तथ्यांवर दिवाणी न्यायालयाने एकदा निष्कर्ष दिला आहे, त्यांचीच फेरतपासणी रिटमधून होत नाही. निकालात उघड चूक असेल तर ३० दिवसांत पुनर्विलोकनाचा अर्ज हा आणखी एक उपाय, पण त्यात वेळ घालवून अपिलाची मुदत हुकवू नका.

२१. दावा 'खर्चासह' फेटाळला. तो खर्च लगेच भरावा लागेल का?

नुसतं अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याला स्थगिती मिळत नाही. ऑर्डर ४१ नियम ५ खाली वेगळा अर्ज द्या.

२२. अपील मंजूर झालं तर लगेच भरपाई मिळते का?

दावा प्राथमिक मुद्द्यावर (नोटीस, मुदत, नियम ११) गेला असेल तर अपील मंजूर झाल्यावर बहुधा तो फेरसुनावणीसाठी खाली पाठवला जातो, म्हणजे साक्षीपुरावा तिथून सुरू. पुरावा पूर्ण झालेला असेल तर अपील न्यायालय स्वतःच हुकूमनामा देऊ शकतं. शासनाविरुद्धच्या हुकूमनाम्याची दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) संहितेच्या कलम ८२ प्रमाणे तीन महिने रक्कम न मिळाल्यावरच चालवता येते.

२३. पहिलं अपीलही फेटाळलं तर?

जिल्हा न्यायालयाने फेटाळलं असेल तर कलम १०० खाली उच्च न्यायालयात दुसरं अपील, ९० दिवसांत. पण ते फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. मागणी २५ हजार रुपयांपर्यंतच्या पैशाच्या वसुलीची असेल तर कलम १०२ प्रमाणे दुसरं अपील नाही. प्रश्न ११ आणि १२ मधले मुद्दे, म्हणजे कोणता अनुच्छेद लागू आणि कृत्य आवरणाखालचं की नाही, दुसऱ्या अपिलातही मांडण्यासारखे आहेत. म्हणून ते पहिल्या अपिलाच्या मेमोत लेखी असायलाच हवेत.

२४. अपील मागे घ्यावं म्हणून पोलीस घरी येतात. एका कागदावर सही मागितली आहे. काय करू?

सही करू नका आणि तो कागद घरात वाचत बसू नका. वकिलाकडे न्या. अशा कागदावर बहुतेक वेळा 'अपील चालवायचं नाही' अशी पुरसिस (पक्षकाराचं कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) असते. ऑर्डर २३ नियम १ प्रमाणे नवा दावा लावण्याची परवानगी न घेता मागे घेतलं, तर त्याच कारणावर पुन्हा दावा लावता येत नाही. घरी आलेल्यांची नावं, तारीख, वेळ, गाडीचा नंबर लिहून ठेवा. पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त यांना लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि तिची प्रत राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाला पाठवा. अपील न्यायालयात पुढच्या तारखेला शपथपत्रावर हे सांगता येतं. दबावाखाली सही झालीच असेल, तर त्याच दिवशी वकिलांमार्फत न्यायालयाला लेखी कळवा. पुरसिस दाखल होऊन तिच्यावर आदेश होण्याआधी कळवलं, तर न्यायाधीश तुम्हाला समोर बोलावून विचारू शकतात.